आयरीनचं झाड

क्लेम दुदेकचा अख्खा जन्म अमेरिकेतल्या टोलीडो शहराच्या बस डेपोत गेला. इंजिनाची नुसती घरघर ऐकून दुखणं सांगणारा माणूस. पण घरामागच्या बागेत त्याच्याकडे एकच खातं होतं: आयरीननं हाक मारली की नळ सोडायचा, ओरडली की बंद करायचा. सगळा संसार असाच झाला, आणि चांगला झाला.

फेब्रुवारीत आयरीन गेली. जायच्या आदल्या दिवशी त्याचा हात धरून म्हणाली, "माझ्या बागेकडे बघ रे." दुसरं काही मागितलं नाही बाईनं. आता बघायचं म्हणजे काय करायचं, हे विचारून घ्यायला नको होतं का? पण क्लेमनं नुसती मान डोलावली. त्या घडीला दुसरं काही सुचलंही नसतं कुणाला.

मग व्हायचं तेच झालं. टोमॅटोची रोपं त्यानं पाणी पाजून पाजून कुजवली. गुलाबाला कीड लागली, घेवडा सशांनी फस्त केला. जुलैत बागेकडे बघितलं की त्याला आयरीनच्या फोटोसमोर उभं राहायची लाज वाटायची. अब्रू राखली ती एकाच झाडानं. मे महिन्यात कुंपणाच्या कोपऱ्यात जाडजूड कोंब वर आले आणि क्लेमला भरूनच आलं. हे तिनंच लावलेलं असणार! त्यानं झाडाला लोखंडी पाइपाचा आधार दिला, रोज सकाळी पाणी घातलं, पाणी घालताना कालच्या बेसबॉलचा निकालही सांगितला.

ऑगस्ट सरेपर्यंत झाड त्याच्या डोक्यावर गेलं. किरमिजी खोड, जांभळ्या फळांचे लोंबते घोस, आणि दिवसभर पाखरांचा नुसता बाजार. उन्हाची धग ओसरली होती. जेवण झालं की क्लेम खुर्ची टाकून, बिअरची बाटली घेऊन झाडाशेजारी बसायचा. "बघ गं," म्हणायचा, "एक तरी जगवलं."

शेजारची बर्निस उन्हाळाभर ॲरिझोनाला लेकीकडे होती, गुडघा बदलून घ्यायला. परत आली त्या दिवशी दुपारी तिला क्लेमच्या घरातून साखरेच्या पाकाचा वास आला. चाळीस वर्षांच्या सवयीनं ती दार न वाजवताच मागून आत शिरली. क्लेम आयरीनचा एप्रन बांधून पातेलं ढवळत होता. हात कोपरापर्यंत जांभळे.

"हे काय रे नवीन?"

"जॅम. आयरीनच्या झाडाचा. रविवारी चर्चमध्ये सुगीचं जेवण आहे ना? दरवर्षी तिच्या बरण्या असतात टेबलावर. यंदा नसल्या तर बरं दिसेल का?"

बर्निसनं पातेल्यात बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं.

"चाखलास?"

"अजून नाही. कढत आहे."

तिनं गॅस बंद केला, पातेलं उचललं आणि सगळंच्या सगळं मोरीत ओतलं.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"विष आहे ते, मेल्या! अख्खं चर्च आडवं केलं असतंस. पाद्रीबाबाच गेले असते, तर आपल्याला पोचवायला कोण आलं असतं?"

"पण आयरीननं लावलेलं—"

"आयरीन कशाला लावेल? तण आहे ते. पाखरं बी टाकतात, उगवतं."

क्लेम खुर्चीत बसला. जांभळ्या हातांकडे बघत राहिला. "म्हणजे तिचं एकही जगलं नाही," तो म्हणाला. "एवढं एकच सांगून गेली होती गं ती मला."

बर्निसला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि तिच्या काहीतरी ध्यानात आलं. ती हसायलाच लागली.

"अरे, तिच्या खुर्चीची जागा ती! दरवर्षी हे तिथंच उगवायचं आणि दरवर्षी ती शिव्या घालत उपटायची. नाव काय ठेवलं होतं तिनं त्याचं, ठाऊक आहे?"

"काय?"

"क्लेम. म्हणायची, 'बोलावलं कुणी नाही, माझ्या जागेवर ठाण मांडून बसतो, आणि कितीही ओरडा, हलायचं नाव नाही.'"

क्लेम उठून तिच्याशेजारी खिडकीशी आला.

"मागच्या साली मीच म्हटलं, आणते कुदळ, मूळच काढते याचं. तेव्हा दोन पावलं चालली तरी धाप लागायची तिला. पण माझा हात धरला तिनं. म्हणाली, 'राहू दे गं. आता सवय झालीये मला त्याची.'"

आधी क्लेमचे खांदे हलले, मग पोट, आणि फेब्रुवारीपासून अडकून पडलेलं हसू एकदम बाहेर आलं. डोळ्यांतून पाणी, आणि पुसायला हात जांभळे.

"म्हणजे बर्निस, उन्हाळाभर मी मलाच पाणी घालत होतो?"

"आणि चांगला पोसलायस की!"

संध्याकाळी त्यानं झाडाजवळ दोन खुर्च्या टाकल्या. बर्निस दुखरा गुडघा सांभाळत एकीवर टेकली. पाखरं घोसांवर तुटून पडली होती. क्लेमनं नळ सोडला आणि सवयीनं तिथंच उभा राहिला. पाणी आळ्याबाहेर वाहायला लागलं तरी हलेना. बर्निसनं थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. मग आयरीन ओरडायची तशी, गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली.

"क्लेम! बंद कर तो नळ!"

आणि क्लेमनं नळ बंद केला.