वाफेत गप्प झालेलं यंत्र

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. मोर्चामुळे बस बंद होत्या आणि परळच्या आमच्या इस्पितळातले रेडियम विभागाचे सर पोचू शकले नाहीत. मी कॉलेज सांभाळून त्यांच्या हाताखाली काम करायचो. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. म्हणूनच असेल, किरणं शोधायच्या यंत्राच्या झाकणात चिकटवलेला सूचनांचा इंग्रजी कागद मी पाठ केला होता.

त्या दिवशी कॅन्सरवर उपचार म्हणून टोचलेल्या, रुग्णाच्या अंगातून काढलेल्या रेडियमच्या सुया मोजल्या, तर एक कमी. पट्ट्यांबरोबर धोबीखान्यात गेली असणार. सर फोनवर म्हणाले, "तूच जा. टिकटिक वाढेल तिथे थांब. हात लावू नकोस."

धोबीखान्यात माझी आई कामाला होती.

भट्टी पेटलेली, वाफेत समोरचं धड दिसेना. न धुतलेल्या गाठोड्यांवरून मी यंत्र फिरवलं. एकदाही आवाज नाही.

"ह्येच्यार गाणी लागतत काय रे?" एक मावशी म्हणाली. बायका हसल्या. आई हसली नाही. "गावला काय रे झिला?"

"नाही. इथे काही नाही," मी साहेबासारखं सांगितलं. बायका त्याच गाठोड्यांना टेकून जेवायला बसल्या.

मी बाहेर पायरीवर, वाऱ्याला, सरांसाठी टिपण लिहीत बसलो. थोड्या वेळाने मांडीवरच्या यंत्रात टिक झालं. मग पुन्हा एकदा. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. हे यंत्र कुठेही ठेवा, अधूनमधून टिकटिकतंच. अगदी गप्प ते कधी नसतं. आत ते गप्प होतं, म्हणजे वाफेने बंद पडलं होतं; वाऱ्याला सुकून आता पुन्हा चालू झालं होतं. दमट, गरम जागी वापरू नये, असं कागदावर होतंच. पण मला वाटलेलं, हे थंड देशांतल्या लोकांसाठी असेल. मुंबईत कोरडी जागा आणायची कुठून?

"आई, ऊठ! सगळ्याजणी बाहेर व्हा!" मी ओरडत धावलो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

कपडे ढवळायच्या लांब काठीने एकेक गाठोडं ओढत मी वाऱ्यावर आणलं. प्रत्येकावरून पुन्हा यंत्र फिरवलं. चौथ्या गाठोड्यापाशी टिकटिक एकदम वाढली. आई त्याला टेकूनच बसली होती.

"किती वेळ बसलेलीस?"

"दोन भाकऱ्यो खाईसर."

सरांना मी फोनवर तसंच सांगितलं, दोन भाकऱ्या खाऊन होईपर्यंत. ते हसले नाहीत. म्हणाले, "बहुतेक काही होणार नाही. पण महिनाभर तिच्या पाठीवर लक्ष ठेव. कातडी लाल झाली तर लगेच घेऊन ये."

महिना संपला तरी माझं लक्ष सुटलं नाही. मोरीतून आई बाहेर आली की माझी नजर तिच्या पाठीवर जायची.

"काय बघतंस रे?"

"काही नाही," म्हणायचो, आणि धोबीखान्यातलं माझं ते साहेबी उत्तर आठवून पुन्हा तिच्या पाठीकडे बघायचो.