बोटीतला कूलर

दादाच्या बोटीसाठी कॉम्प्युटर मी निवडला, आणि तो थंड कसा ठेवायचा हेही मीच ठरवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात अजून कुणाचं तिकडे लक्ष गेलेलं नाही.

माझं नागपुरात सक्करदऱ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दादा, माझा थोरला भाऊ, धरणातला गाळ मोजायचं काम करायचा. फायबरची बोट, मागे इंजिन, आणि बुडाला खोली मोजणारं यंत्र. बोटीतला कॉम्प्युटर ती खोली पडद्यावर दाखवायचा आणि सोबत नोंदही ठेवायचा. धरणाच्या बुडितात, म्हणजे पाण्याखाली गेलेल्या जंगलात, जुनी सागाची खोडं तशीच उभी आहेत, वरून बघितलं तर काही म्हणजे काही कळत नाही. आकडा झरझर उतरायला लागला की बोट वळवायची, एवढाच इलाज. दादाला पोहता येत नव्हतं.

एका हिवाळ्यात रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी त्याची नजर अधू होत चालल्याचं सांगितलं. सोबत मीच होते. बाहेर आल्यावर तो स्कूटरपाशी उभा राहिला, किल्ली लावेना.

"घरी सांगू नोको वं. डोळ्याचं कळलं तर मले पाण्यावर कोणी जाऊ देणार नाही. मले दुसरं काय येते?"

मी कबूल झाले, पण अट घातली. पडदा मोठा घ्यायचा, आकडे तळहाताएवढे दिसले पाहिजेत. जुना लॅपटॉप उन्हात तापून बंद पडायचा, म्हणून कॉम्प्युटरही दणकट घ्यायचा. आता दणकट कॉम्प्युटर म्हटला की तो तापणार.

दादा कुठूनसं ऐकून आला होता की बोटीसाठी बिनपंख्याचा कॉम्प्युटर मिळतो. सगळीकडून बंद डबा, वरून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आतली गर्मी त्या पट्ट्यांतून बाहेर जाते. मी त्याला वेड्यातच काढलं. "नागपुरात बिनपंख्याचा डबा? त्यापेक्षा चुलीवर ठेव न गा." वीस वर्षं मी हेच काम करते आहे आणि हा मला शिकवतो, असं तेव्हा वाटलं होतं. माझा स्वभावच तसा.

मग मी तेच केलं जे इथलं कुणीही करेल. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे खिडकीला कूलर, कूलरला वाळ्याची ताटी, टाकीत पाणी. यापलीकडे आमचं डोकं जात नाही. मी कॉम्प्युटरच्या पेटीला एका बाजूने वाळ्याची छोटी ताटी बसवली, वर ठिबकणारा पंप, आत हवा ओढणारा पंखा. भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता पेटी गच्चीवर ठेवून चालू केली. चप्पल घातल्याशिवाय गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता, आणि पेटीत हात घातला तर गारेगार. वाळ्याचा वास सुटला होता. मी दादाचा हात धरून आत घातला.

"भारी वं," तो म्हणाला. मग हात बाहेर काढून, "पण पाण्यावर चालन का हे?"

"धरणात तुले पाण्याची कमी पडणार हाये का?"

तो हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला आता चीड येते.

भाद्रपदात धरण भरलं आणि त्याचं काम सुरू झालं. पहिले तीन दिवस त्याचा रोज फोन आला, सगळं ठीक म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी दुकानात होते. पाऊस थांबला होता, अंगाला घामाच्या धारा. नवऱ्याने उठून कूलर लावला, तशी मी खेकसले.

"काहून लावला? अशा दमट हवेत कूलर लावते का कोणी? गारवा तर येत नाही, वरून चिकचिक!"

त्याने बटण बंद केलं. पंखा फिरत फिरत थांबला आणि मी दादाला फोन लावला. हे तर नागपुरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, मलाही होतं. तरी मी दादाला भर पावसाळ्यात, धरणाच्या मधोमध, कूलर लावून पाठवलं होतं.

फोन लागेना. पाण्यावर रेंज नसते, म्हणून मी स्वतःची समजूत घालत राहिले. नवऱ्याला घेऊन धरणाकडे निघाले, दीड तासाचा रस्ता.

दादा काठावर बसला होता. अंगावर कुणाची तरी चादर, डावा पाय मांडीपासून फाटलेला, वर आवळून बांधलेलं फडकं, ओठ काळेनिळे. बोट खोडावर चढून फुटली होती आणि तो पाण्यात फेकला गेला होता. लाइफ जॅकेट सीटखालीच. त्याच खोडाला मिठी मारून तो अर्धा तास लटकला, तेव्हा कुठे मासे धरणाऱ्यांनी त्याला पाहिलं.

"मले नऊ मीटर दिसून राहिलं होतं," तो म्हणाला. "तिथं नऊ कुठचे? डोळे गेले वं माझे."

बोट त्यांनी ओढून आणली होती. पेटी उंचावर होती, बुडाली नव्हती. झाकण उघडलं तर आतून थेंब लोंबत होते आणि वाळ्याचा तोच वास. मी पदराने ते पुसले. का पुसले, हे माझं मला माहीत आहे.

दादाला दवाखान्यात पोचवून मी पेटी घरी आणली आणि नोंद वाचली. शेवटचा आकडा आठ चाळीसचा, नऊ मीटर. खोड लागलं ते नऊ वाजून गेल्यावर. कॉम्प्युटर तापून थिजला होता आणि पडद्यावर तेच नऊ धरून बसला होता. दादाने अगदी बरोबर वाचलं होतं.

सांगायला मी दोनदा त्याच्या घरी गेले, दोन्हीदा चहा पिऊन परत आले. तोवर त्याने स्वतःच घरी डोळ्यांचं सांगून टाकलं होतं आणि काम सोडलं होतं. मला लाज वाटते. पण त्याहून जास्त भीती वाटते, तो मला काय म्हणेल याची नाही, काहीच म्हणणार नाही याची.

या एप्रिलमध्ये तो माझ्या कूलरला नवीन ताट्या लावून द्यायला आला होता, लंगडत. स्क्रू समोर असूनही बोटांनी चाचपत होता, कारण डोळ्यांवर त्याचा आता भरवसा नाही. ताटी बसली, कूलर सुरू झाला, तो समोर येऊन उभा राहिला.

"गार लागते वं," तो म्हणाला. "बोटीतलाही असाच होता. तुह्या कामात काही खोट नव्हती."

मी बादली उचलली आणि टाकीत पाणी भरायला लागले.