मी मशिनरीत आहे

गाव कुठलं, आडनाव काय आणि करता काय, हे तीन प्रश्न आपल्याकडे चहा येईपर्यंत विचारून झालेले असतात. पहिल्या दोन्हींची उत्तरं मी घडाघडा देतो. तिसऱ्याला म्हणतो, ‘मशिनरीत आहे,’ आणि लगेच समोरच्याच्या मुलाची दहावी कधी ते विचारतो. मुलाच्या दहावीवर बोलायला लागलेला माणूस पुन्हा मागच्या विषयावर येत नाही, असा माझा अनुभव आहे.

टिळकवाडीत आम्ही राहायला आलो ते बायकोच्या हट्टाने. बिल्डिंगमध्ये दोन वकील, तीन-चार शिक्षक, एक बँकेतून निवृत्त झालेले. सगळी भली माणसं, पण प्रत्येकाच्या दारावरच्या पाटीत नावाखाली काहीतरी लिहिलेलं. आमच्या पाटीवर नुसतं आडनाव आहे. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या कामाचा रकाना आला की बायको ‘बिझनेस’ लिहिते आणि माझ्याकडे न बघता पान उलटते. एकदा ही मशिनरी चांगलीच अंगाशी आली. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाई मिक्सर घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुम्ही त्यातलेच ना, जरा बघा. बघितला, दुरुस्तही झाला. मग वर्षभर बिल्डिंगमधले सगळे मिक्सर, पंखे आणि एक शिलाई मशीन माझ्याकडे येऊन गेलं. खोटं बोलल्याचा दंड समजून मी मुकाट्याने सगळं करून दिलं.

निपाणीला मेव्हणीच्या लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मात्र पाठ सोडली नाही. ते स्वतः कारखानदार. कुठली मशिनरी, नवी की जुनी, विकता की बसवून देता, सगळं त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी ताक मागितलं, प्यायलो, पुन्हा मागितलं. शेवटी जिलेबी पानात टाकून हात धुवायला उठलो. पंगत चालू असताना उठणं आमच्यात फार वाईट समजतात. त्यावर सासरी काय बोलणं झालं ते बायकोने अजून मला पूर्ण सांगितलेलं नाही.

आता सांगून टाकतो. मी माग मोडतो.

साड्यांचे यंत्रमाग. माझे वडील जॉबर होते, म्हणजे मागांचे मिस्त्री. सायकलच्या हँडलला पान्यांची पिशवी अडकवून ते शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांतून दिवसभर हिंडायचे. सगळी गल्ली खडखडत असायची, आणि त्यात कुठल्या घरातला माग दुखतोय हे त्यांना रस्त्यावरून कळायचं. त्यांच्या हाताखाली मी शिकलो. मग बाहेरच्या स्वस्त साड्या आल्या, लॉकडाऊन आलं, आणि एकेक घर गप्प होत गेलं. अशा वेळी भंगाराच्या एका शेठना माणूस हवा होता. ज्याला माग जोडता येतो त्याला तो मोडताही येतो, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. मागाचा सांगाडा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड कटरने नीट कापत नाही, त्याला घणच लागतो, आणि घण नेमक्या जागी बसला तर एका घावात काम होतं. ती जागा मला ठाऊक होती. तिथे तडा जायचा धोका असतो, माग हलवताना ती जागा जपायची, असं सांगून वडिलांनीच दाखवली होती.

यात लाजायचं काय, असं कुणीही म्हणेल. चोरी नाही, लबाडी नाही. पण लबाडी नाही हे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. कारण विणकर आपला माग कधी मोडायला देत नाही, चालवायलाच देतो. विकायची वेळ आली तरी घरातला म्हातारा आधी विचारतो, कुठं चालवणार? शेठ सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी गावाचं नाव सांगतात. म्हातारी हळदकुंकू लावते, नारळ फुटतो, आणि गल्लीत घण उचलायचा नाही हा आमच्या धंद्याचा नियम पाळून आम्ही अख्खा माग पाइपांवरून ढकलत टेम्पोत चढवतो. गावाबाहेर पत्र्याच्या कुंपणाआड नेऊन मोडतो. मोडताना कुंकू ओलं असतं. ओळखीच्या गल्लीत माग आणायला मी स्वतः जात नाही, दुसऱ्या माणसांना पाठवतो. माझा चेहरा दिसला आणि मी काय करतो ते कुणी सांगितलं, तर त्या घरालाच काय, सगळ्या वडगावाला कळेल की आपले माग कुठेही चालत नाहीत. ‘मशिनरीत आहे’ यामागे इतकं सगळं आहे. नुसती लाज असती तर ती मी कधीच गिळली असती.

माझे मामा वडगावातच राहतात. मुलगा पुण्याला गेला तरी त्यांनी एक माग चालू ठेवला होता. मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. मागाच्या मोठ्या दातेरी चाकाचा दात गेला होता, आणि त्या जुन्या बनावटीचं चाक आता कुणी करत नव्हतं. तू मशिनरीत आहेस तर बघ कुठे मिळतं का, असं त्यांनी फार आशेने विचारलं. तसे माग वडगावात चारच होते. मामा आणि त्यांचे जुने दोस्त, ज्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते, या दोघांनी मिळून ते एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणले होते, दोघांचे दोन दोन. मामांचा एक कधीच खराब झाला होता, त्याचे सुटे भागही वापरून संपले होते. आप्पांचे दोन्ही माग तीन वर्षांपूर्वी ‘चालवायला’ गेले होते. म्हणजे माझ्याकडे आले होते, आणि मीच ते मोडले होते.

त्यातलं एक चाक कुंपणाआडच्या आमच्या यार्डच्या कोपऱ्यात अजून पडून होतं. त्याचा एक दात कधीतरी तुटलेला होता आणि कुणीतरी तिथे पितळ भरून नवा दात केला होता. काम सुरेख होतं, पण पिवळं दिसत होतं. मी त्यावर राखाडी रंग मारला, वर ग्रीस थापलं आणि चाक मामांच्या मागाला बसवून दिलं. माग सुरू झाला तेव्हा मामांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. भाच्याने बाहेरून मागवून चाक आणलं, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. आप्पाही येऊन मागाच्या आवाजाशेजारी बराच वेळ बसले. त्या दिवशी मला कित्येक वर्षांनी बरं वाटलं, हेही कबूल करतो. वाटलं, आपल्या हातून एक तरी माग चालला.

खंडेनवमीला मामांनी जेवायला बोलावलं. त्या दिवशी माग बंद ठेवून पुसतात, तेल घालतात आणि पूजा करतात. मी पोहोचलो तेव्हा झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. मामा मागाशेजारी पाटावर बसले होते, हातात रॉकेलचा बोळा. विणकरांच्या घरी सगळे मोठ्याने बोलतात. मागांच्या आवाजात जन्म गेलेला असतो, आणि माग गेले तरी ती सवय जात नाही. मामा त्या दिवशी इतकं हळू बोलले की मला वाकावं लागलं.

“ह्यो दात मी भरून आणलेला,” ते म्हणाले. “आप्पाला ताप आलता. सायकलवर चाक बांधून उद्यमबागच्या कारखान्यात गेलतो, आणि पितळ भरून घिऊन आलतो.”

रॉकेलने रंग निघून गेला होता. तसाही सहा महिन्यांच्या चालीत तो झिजलाच असता, हे जॉबरच्या पोराला कळायला हवं होतं. पितळेचा दात लख्ख दिसत होता. मामांनी विचारलं, आप्पाचे माग चालवायला गेले होते ना? मी झेंडूची माळ सारखी केली. मग त्यांनी विचारलं, तू करतोस काय नेमकं? हा प्रश्न मी हजार वेळा टोलवला आहे. पण मामांचा मुलगा दहावी होऊन पंधरा वर्षं झाली होती. मी खरं ते सांगितलं. मामांनी बोळा खाली ठेवला, हात पुसले आणि त्या चाकाला इतर भागांना लावलं तसंच हळदकुंकू लावलं. जेवताना मामींनी दोनदा पुरणपोळी वाढली आणि दोनदा विचारलं, आज दोघांचं काय बिनसलंय.

दिवाळीनंतर त्यांचा पुन्हा फोन आला. साडीवाल्या व्यापाऱ्याने काम देणं थांबवलं होतं आणि मामांचे गुडघेही थांबले होते. माग न्यायला ये म्हणाले. मी टेम्पो कधी आणू ते विचारलं.

“टेम्पो मागनं आण,” ते म्हणाले. “आधी घण घिऊन ये. माझा माग हितंच मोडायचा, माझ्या म्होरं. आणि कुणी इचारलं तर नीट सांगायचं.”

मी दोन दिवस टाळलं. शेठना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं, कारण एक माग गल्लीत मोडला की पुढचे दहा मिळत नाहीत. बायको म्हणाली, जाऊ नका. तिसऱ्या दिवशी मी घण पोत्यात गुंडाळून गेलो. मामांनी पोतं काढून बाजूला टाकलं.

पहिल्या घावाला गल्लीतली दारं उघडली. बीड फुटताना मोठी घंटा वाजल्यासारखा आवाज होतो आणि मग एकदम काहीच नाही. मामा खुर्चीवर बसून बघत होते, मामी आत गेल्या त्या बाहेर आल्या नाहीत. बायका दाराशी उभ्या होत्या. अर्धा सांगाडा झाला तेव्हा आप्पा आले. त्यांनी आधी मागाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला लहानपणापासून ओळखणारा माणूस. त्यांनी जसं लग्नात किंवा बारशाला विचारतात तसंच विचारलं.

“काय करतोस रं आता तू?”

मी मामांकडे बघितलं. ते मला सोडवणार नव्हते.

“माग मोडतो, आप्पा.”

आप्पांनी मान डोलावली. घण माझ्या हातात तसाच होता.

“माझं दोनबी?”

“व्हय.”

“चालत्यात म्हणून सांगितलतं,” आप्पा म्हणाले. ते रागावले असते तर मला सोसलं असतं. “मी दर खंडेनवमीला त्यांच्या नावानं नारळ फोडतो. जिकडं असतील तिकडं नीट चालू देत म्हणून.”

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. लपवायला जागाही नव्हती, सगळी गल्ली बघत होती. मामा उठले, सुट्या भागांतून ते चाक शोधून त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवलं. आप्पाचंच हाय ह्ये, म्हणाले. आप्पा कष्टाने खाली बसले, पितळेच्या दातावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ह्ये मला पाहिजे, खंडेनवमीला पूजायला घरात कायतरी लागतंय.

चाक त्यांना उचलवणार नव्हतं. ते पुढे निघाले आणि मी चाक खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर. एका दारात बसलेल्या म्हाताऱ्याने त्यांना हाक मारली आणि सवयीने मोठ्याने विचारलं, कोण पाव्हणं?

आप्पा थांबले. मला वाटलं ते भाचा म्हणतील, जॉबरचा मुलगा म्हणतील. वडील सगळ्यांच्या ओळखीचे होते.

“माग मोडत्यात ह्ये,” आप्पा म्हणाले, तितक्याच मोठ्याने, आणि पुढे चालायला लागले.