सात गटांचे सात गडी

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे चार ओळी लिहिल्या तरी कुणीतरी हसेल असं वाटत राहतं. काही चुकलं तर माफ करा. पण साखर कारखान्याच्या कबड्डी संघाचा मी मॅनेजर होतो आणि ही गोष्ट दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही. मॅनेजर म्हणजे किट सांभाळायचं, गाडी ठरवायची आणि खेळाडूंना पाणी द्यायचं.

लागोपाठ सामने हरून आम्ही परत निघालो होतो. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर गाडी थांबली. कोच शेख सरांनी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

"गणेशला काय झालंय रे?"

गणेश आमचा एकोणीस वर्षांचा चढाईपटू, नांदूरघाटचा. चढाई म्हणजे समोरच्यांच्या अंगणात एकट्यानं घुसून त्यांना शिवून परत येणं. त्याच्यासारखी चढाई आमच्या भागात कुणाची नव्हती.

"काही न्हाई सर," मी म्हणालो. "तो चांगलाच खेळतो. पण खेळतो कमी, बसतो जास्त. बाहेर बसून माझ्याशी गप्पा मारतो."

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो. आपल्या संघानं समोरचा एक बाद केला की आपला एक आत येतो. गणेश कधीतरी बाद व्हायचाच. पण मग समोरच्याला पकडून त्याला परत आत आणणारं आमच्यात कुणी नव्हतं.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. कारखान्याचे सात गट, म्हणजे ऊस पुरवणारे सात भाग. गटाला एक संचालक आणि प्रत्येक संचालकाचा संघात एक गडी. खेळाडूंना कारखान्यात हंगामी नोकरी. कोणाला काय खेळता येतं हे नंतर बघायचं.

त्या साली पाऊस नव्हता. चेअरमनसाहेबांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलात तर संघ बंद. संघ बंद म्हणजे गणेशची नोकरीही बंद. त्याचे आईवडील ऊसतोडीला निघणार होते. त्याच्यासाठी तिसरा कोयता त्यांनी आणूनच ठेवला होता.

शेख सर मला घेऊन चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. दोन-तीन संचालक बसलेले होते.

"अण्णा, चार गडी बदलावे लागतील," सर चेअरमनना म्हणाले.

"म्हणजे चार संचालक बदला म्हणा की," चेअरमन म्हणाले.

"आमच्या गटाचा गडी का म्हणून काढता?" एक संचालक म्हणाले. "त्यानं काय केलं?"

"काहीच केलं न्हाई साहेब. तेच तर सांगायलोय," सर म्हणाले.

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. "तू कॉलेजात हायस ना? तू बोल."

मी रोज जे बघतो तेच सांगितलं. "गणेश बाहेर बसला की मी त्याला पाणी देतो. आमचं लई बोलणं होतं. ते कमी झालं पाहिजे."

सगळे हसले. चेअरमन हसता हसता थांबले. "ह्या साली चार गटांत उसाचं टिपरू न्हाई. मग तिथला गडी तरी मैदानात कशाला? नोकरीवर राहू द्या त्याला, खेळायला दुसरा आणा."

गड्याची नोकरी शाबूत म्हटल्यावर संचालकांनी मान डोलावली.

वगळलेल्या चारांत कॅप्टन नामदेवभाऊ होते. माझ्याच गावचे. मला ही नोकरी त्यांनीच लावून दिली होती. त्यांना सांगायला गेलो आणि आधी त्यांच्या दुखऱ्या गुडघ्याचीच चौकशी केली.

"गुडघा माझा हाय, मला म्हाईत न्हाई व्हय बे?" ते म्हणाले. "चल, माझ्या जागी कोण ते दावतो."

ते मला तलवाड्याकडच्या चारा छावणीवर घेऊन गेले. डॉक्टर जनावरांना इंजेक्शन देत होते आणि दोन भाऊ एक उधळलेला बैल धरत होते. एकानं शिंगं धरली, त्याच क्षणी दुसऱ्यानं मागचा पाय. एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोघं गावच्या संघात डाव्या-उजव्या कोपऱ्यात खेळायचे. चढाईला आलेल्याची पकड सुरू होते ती कोपऱ्यातूनच.

"माणूस बैलापरीस हलका असतो का?" संघात येता का म्हटल्यावर थोरल्या भावानं विचारलं.

"हलका असतो, पर लबाड असतो," नामदेवभाऊ म्हणाले.

आणखी दोघे शेख सरांनी शोधले. चौघांना नामदेवभाऊंनीच शिकवलं. स्वतः समोरून चढाई करायचे आणि रोज खरचटून घरी जायचे.

स्पर्धेच्या दिवशी माझा पेपर होता. पाण्याचं काम नामदेवभाऊंनी मागून घेतलं. पेपर कसा गेला ते विचारू नका. बाहेर आलो तर मोबाईलची बॅटरी संपलेली. रूमवर येऊन चार्जिंगला लावला, तोच त्यांचा फोन आला.

"काय झालं भाऊ?"

"तुझं काम लई सोपं हाय रे. उगंच दमल्यासारखं करतोस."

"भाऊ, सांगा ना."

"गणेश बसला की ह्या नव्या पोरांनी समोरचा एक धरलाच. मी टोपण उघडूस्तोवर तो आत. पहिली फेरी जिंकली अन् बाटली भरलेलीच परत आणलीय."

मागून गणेशचा आवाज आला, "मॅनेजरला म्हणावं, लई तहान लागली."

मॅनेजरच्या कामाबद्दल मी एवढंच शिकलो. चांगल्या संघात ते फारसं नसतं.