आत्याचा अंगठा आणि धरणाचं पाणी

आमची धरणाकाठची जमीन म्हणजे नुसता मुरमाड उतार. खाली पाणी, वर कातळ. वडिलांनी तिथं कधी नांगर नेला नाही. नवऱ्यानं टाकलेली आत्या तिथं छप्पर घालून राहिली, दोन म्हशी पाळल्या, आणि कित्येक वर्षं आम्हाला तिची आठवण खरवस आला की तेवढी यायची. मग काजवे बघायला पुण्या-मुंबईच्या गाड्या सुरू झाल्या आणि आम्हा सगळ्यांना त्या उताराचं एकदम प्रेम आलं.

तिथं तंबू टाकायला भागीदार मिळाला. त्याची अट एकच, सातबाऱ्यावर वडिलांचं एकट्याचं नाव हवं. आजोबांच्या मागे वारस म्हणून आत्याचंही नाव लागलेलं होतं. ते काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिकलेला आणि तिचा लाडका.

बहिणीनं वाटा घेतला की माहेर तुटतं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. तरी मी सांगितलं, नवी साडी तिच्या मांडीवर ठेवून. तिला वाटा नकोच होता. म्हशी पाण्यावर जातील तेवढी वाट ठेव म्हणाली, मी हो म्हणालो. हक्कसोडपत्रासाठी तिला जीपनं तालुक्याच्या गावी, अकोल्याला नेलं. नोंदणी कचेरीत कॅमेऱ्यासमोर तिनं पदर नीट केला, मग अंगठा दिला. परतताना स्टँडवर तिनंच मला भेळ खाऊ घातली. मी ती चवीनं खाल्ली.

कुंपणाआधी मोजणी झाली. मोजणीदारानं दगड दाखवून स्पष्ट सांगितलं, इथून खालची पट्टी सरकारची, पाण्यावर कुणालाही जाता येतं, गुरांनासुद्धा. त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि तारेचं कुंपण थेट पाण्यात उतरवलं. 'खासगी किनारा' अशी पाटी मीच रंगवून घेतली. आत्याचं छप्पर कातळामागे हलवलं. पाहुण्यांना शेणाचा वास येतो म्हणून म्हशींनाही फाटक बंद केलं. ती हातपंपावरून हंडे वाहायला लागली. वाकून चाललेली दिसायची आणि मला तिचाच राग यायचा. आपण ज्याचं वाईट केलं तो माणूस रोज समोर दिसला की असंच होतं.

भाऊबीजेला सगळे तंबू भरलेले होते. आत्या ताट घेऊन फाटकाशी आली, मागे म्हशी. वडील बाहेर गेले, मागोमाग मी. तिनं त्यांना रस्त्यावरच ओवाळलं, दोन पाहुण्यांनी कौतुकानं फोटो काढले. वडिलांनी ताटात नोट टाकली. ती तिनं उचलली नाही.

"दादा, मला काय बी नको. म्हशींना तेवढं पान्यावर जाऊ दे."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"तू शिकलेला हायेस, तूच सांग. मी अंगठा दिला, त्यात पानी बी गेलं व्हय रं?"

"व्हय आत्या," मी म्हणालो. "पानी बी गेलं."

तिनं मान हलवली आणि म्हशी माघारी वळवल्या. माझ्या शब्दावर तिचा विश्वास होता.