कॅप्टन पुरंदर काय ऐकत असे

खाप्याच्या मामांना शेवटची काही वर्षं गाणं ऐकू येत नव्हतं, आणि तरीही नागपुरातल्या कोणत्याही मैफलीत त्यांच्याइतकी नेमकी दाद दुसरं कोणी देत नव्हतं. तबलजीचा हात खाली येताना दिसला की यांचा हात वर जायचा आणि "वा" पडायचा तो बरोबर समेवर. गाणं संपलं की लोक त्यांच्याभोवती गोळा व्हायचे. "मामा, कसं झालं?" मामा जरा वेळ डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "आधी घाईत होता. मध्यंतरानंतर लयीत बसला." बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

ईरा, नील, माझ्या नातवंडांनो, तुम्ही दोघांनी फोनवर 'कॅप्टन पुरंदर' ही मालिका ऐकली आणि ती कथा लिहिणारे आपल्याच घरातले होते हे कळल्यावर तुम्हाला फार मौज वाटली. ईराने त्यातली शीळ वाजवून मला पाठवली. छान वाजवलीस. पण त्या शिळेमागे काय घडलं ते तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून आता क्रमाने सांगते.

मामा म्हणजे माझ्या आईचे सर्वांत धाकटे भाऊ; खापा हे माझं आजोळ. नोकरी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात, राहणं तिथल्याच वसाहतीत. रात्रपाळीहून आले की थोडी झोप काढायचे आणि मग खिडकीवरची राख फडक्याने पुसून लिहायला बसायचे. बसस्टँडवरच्या स्टॉलवर दोरीला अडकवून विकायच्या हेरकथा असत त्या, खिशात मावतील एवढ्या. नायक एकच, कॅप्टन पुरंदर. उंच, अविवाहित, दोन्ही हातांनी पिस्तूल चालवणारा. मामा स्वतः बुटके, दोन मुलांचे बाप, आणि मामींना न विचारता भाजीसुद्धा आणत नसत.

मी तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते आणि इंग्रजी हेरकथा वाचत होते. मामांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की इंग्रजी हेर गाणं वगैरे ऐकत नाहीत, ते दारू पितात आणि पत्ते खेळतात.

"म्हणूनच तर ते इतके पकडल्या जातात," मामा म्हणाले. "पुरंदरले गाणं समजते."

झालं. तेव्हापासून पुरंदरची आवडनिवड हा आमच्या दोघांचा खास विषय झाला. तो कामगिरीवर असताना शब्दांचं गाणं ऐकत नसे. "शब्द डोक्यात फिरत राहतात वं कुमे, मंग पाळत कोण ठेवन?" बासरी त्याला अजिबात चालत नसे, कारण बासरीने घर आठवतं आणि घर आठवलेला हेर कामाचा नाही. लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट त्याला मनापासून आवडायचं. ही आवड तो चारचौघांत खुशाल सांगायचा, कारण अशा माणसावर कोणी संशय घेत नाही. खरी आवड मात्र लपवावी लागे. ज्याला गाणं कळतं तो लोकांच्या लक्षात राहतो, आणि लक्षात राहिलेला हेर संपला. म्हणून पुरंदर बैठकीला बसला की मुद्दाम चुकीच्या जागी टाळी द्यायचा.

"अन् त्याले त्रास नाही होत?" मी त्यांचीच नक्कल करत विचारलं होतं.

"होते ना. समेवर हात आपोआप उठते त्याचा. तो कान खाजवल्यासारखं करते."

गुणगुणणं आणि शीळ घालणं त्याला सक्त मना. अंधारात माणूस आवाजावरून ओळखला जातो असं मामांचं म्हणणं. पुरंदरने एकदाच शीळ घातली होती, तरुणपणी, आणि त्यात त्याचा जोडीदार गेला. ही गोष्ट सांगताना मामांचा चेहरा असा व्हायचा की जोडीदार त्यांच्याच पाळीला होता असं वाटावं.

यातलं जवळजवळ काहीच छापलं गेलं नाही. मामा दर पुस्तकात गाण्याचं एखादं पान घालायचे आणि नागपुरातल्या सीताबर्डीवरचे प्रकाशक ते काढून टाकायचे. "अहो, लोकांना गोळी झाडणारा हेर पाहिजे, मान डोलवणारा नको," असं ते मामांना माझ्यादेखत म्हणाले होते. एकदा फक्त पुरंदर रेडिओ ऐकत बसल्याचा प्रसंग तसाच राहिला. त्या रेडिओत पुढच्या पानावर बॉम्ब निघाला, म्हणून राहिला. काढलेली पानं मामांनी सांभाळून ठेवली नाहीत. पुढे घरोघरी टीव्ही आला, स्टॉलवरच्या दोऱ्या रिकाम्या झाल्या, प्रकाशकांनी दुकान बंद केलं. मामांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. फक्त एखाद्या जुन्या वाचकाने ओळख दिली की ते पुढच्या प्रश्नाची वाट बघायचे. वाचक पिस्तुलाबद्दल विचारायचा, कधी पुरंदरच्या मैत्रिणीबद्दल. गाण्याबद्दल कोणीच विचारत नसे.

निवृत्तीनंतर आणि मामी गेल्यावर ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आले. रोज दुपारी चहाला खाली यायचे. आमच्या आजोळी सगळ्यांचेच कान उतारवयात गेले, त्यामुळे मामांचे जातील हे मला सुचायला हवं होतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत बोलायचे, फोन कधी घ्यायचे नाहीत, "मेसेज करजो" म्हणायचे, आणि मैफल एकही चुकवायचे नाहीत. मला वाटायचं, माणूस म्हातारपणी तऱ्हेवाईक होतो, तसं असेल.

कळलं ते एका दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात. मैदानावर गर्दी होती, आम्ही बरेच मागे होतो. गाणं रंगात आलं आणि माइक बंद पडला. गायकाला ते लगेच समजलं नाही, तो गातच राहिला. आमच्या रांगेपर्यंत पोचत होता तो फक्त रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. लोक ओरडायला लागले, "आवाज! आवाज!" आणि माझ्या शेजारी मामा डोलत होते. हात वर गेला, "वा! क्या बात है!"

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून हसले. "मामा, तुमची लाइन डायरेक्ट कोराडीहून आहे का हो?"

सगळी रांग हसली. लोक हसताहेत म्हणून मामाही हसले. कशाला ते त्यांना कळलं नव्हतं.

परतताना ऑटोत मी त्यांचा चेहरा माझ्याकडे वळवून विचारलं, "कधीपासून?"

"झाले काही वर्षं," ते म्हणाले. "कोणाले सांगजो नको."

"कानाचं यंत्र लावा ना मामा. आता चांगली मिळतात."

"लावून पाहिलं. गाण्याचा नुसता भुसा होते." मग म्हणाले, "लोकांले समजलं तर मले समोरची खुर्ची देतीन, हात धरून बसवतीन. पण 'कसं झालं' म्हणून कोणी विचारणार नाही वं."

मी शब्द दिला.

त्यानंतर वर्षभरातच पुण्याच्या एका कंपनीने पुरंदरच्या कथांची ऐकायची मालिका करायचं ठरवलं. सायली नावाची मुलगी ते काम बघत होती. तिच्या वडिलांनी ती पुस्तकं जपून ठेवली होती. सगळं मेसेजवर ठरलं. मामा हरखून गेले होते. इस्त्रीचा सदरा घालून चहाला यायला लागले.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि त्यांचा फोन वाजला. सायलीचं नाव बघून त्यांनी तो चक्क उचलला. मी बाहेर येईपर्यंत ते फोन कानाला लावून मान हलवत होते, दुसरा हात मांडीवर ताल धरून. "हो हो. तुम्हीच ठरवा. वा! बहोत खूब!" आणि ठेवलासुद्धा.

"काय म्हणाली?"

"काही तरी ऐकवून राहिली होती. गुं गुं करत होतं."

"काय ऐकवत होती?"

"आता ते मले काय माहीत? मनापासून ऐकवून राहिली होती पोरगी. दाद नको द्यायले?"

तेवढ्यात तिचा मेसेज आला. मामांनी चष्मा वर करून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सर, पुरंदरला कोणतं संगीत आवडत असेल हे तुम्ही आमच्यावर सोपवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुम्हाला धून आवडली म्हणून हीच नक्की करतोय." 

मग त्यांनी तो पहिल्यापासून पुन्हा वाचला, मनातल्या मनात.

"विचारलं वं तिनं," ते म्हणाले. "आजवर कोणी नाही विचारलं. हिनं विचारलं."

"मग आता कळवा ना! मेसेज लिहा. मी लिहून देते."

"अन् काय लिहू? आधी 'वा' म्हटलं ते कशाले म्हटलं होतं म्हणून सांगू?"

"खरं ते सांगा."

मामांनी कप उचलला आणि उठून खिडकीशी गेले. पाठ केली की त्यांच्याशी बोलणं बंद होतं हे ते जाणून होते. मी एकटीच बोलत राहिले.

मालिका आली तेव्हा पहिला भाग मी ऐकला आणि मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत समोर बसले. सुरुवातीला विजेची गिटार, मग ढोलासारखं काहीतरी, आणि त्यावर शीळ. मला वाटलं, ही नुसती मागची धून असेल. पण दुसऱ्याच प्रसंगात कॅप्टन पुरंदर शत्रूच्या गोदामात शिरतो तोच मुळी शीळ घालत. मी मालिका तिथेच थांबवली.

"काय वाजते?" मामांनी विचारलं. कानांबद्दल असा उघड प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच केला.

"गिटार. आणि शीळ."

"कोण घालते शीळ?"

"पुरंदर."

"ड्यूटीवर?"

"ड्यूटीवर."

मामा हसले. "मंग दुसऱ्या भागातच धरतीन त्याले." हसता हसता त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी ते चहाच्या वेळेआधीच आले. रात्रभर विचार केला असावा. "लाव त्या पोरीले फोन. सांगून टाकू, बहिरा आहो म्हणून. पुढच्या भागांत तरी शीळ काढून टाकतीन."

मी त्यांच्याच फोनवरून लावला आणि तिचं बोलणं मला ऐकू येईल असा स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला. पण आम्ही काही बोलायच्या आधीच सायली सुरू झाली. "सर! शीळ लोकांना इतकी आवडलीय! माझे बाबा घरभर तीच घालत फिरतायत, आई वैतागलीय. आणि सर, तुम्ही फोनवर 'बहोत खूब' म्हणालात ना, ते मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. मी ठरवलेली ही पहिलीच धून होती."

मी ते सगळं मामांकडे तोंड करून सावकाश, आवाज न करता, शब्दाला शब्द सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी फोन तोंडाशी धरला.

"बेटा, तुझ्या बाबाले सांग, म्हणा मामा म्हणत होते, घरात घाला, बाहेर घालू नका. अन् धून बम झाली. एकदम बम."

ती खळखळून हसली. मामांनी मला खूण केली आणि मी फोन बंद केला.

"मामा!"

"खुश होती ना?"

"होती."

"मंग. दिलेली दाद तिच्याकडून वापस कशी मागू?"

त्यांनी एकदा ठरवलं की वाद घालण्यात अर्थ नसे. मी दोन ओळींचा मेसेज त्यांच्या नकळत पाठवू शकले असते. शब्द दिला होता, नाही पाठवला. ते योग्य झालं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मालिकेचे सगळे भाग निघाले, पुरंदर प्रत्येक भागात शीळ घालतो आणि कोणी त्याला पकडत नाही.

सायलीशी बोलणं झालं त्या दिवशी चहा पिताना मी त्यांना विचारलं, "मामा, तो कामावर काय टाळतो ते सगळं तुम्ही सांगितलंत. पण काम नसताना, कोणी बघत नसताना, पुरंदर ऐकतो तरी काय?"

मामांनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, चमच्याने काढत बसले.

"घरी तो गाणं लावतच नाही," ते म्हणाले. "बैठकीले जाते. एका बाजूले बसते, जिथून लोकांचे तोंडं दिसतात. गाणाऱ्याकडे पाहतही नाही. ऐकून राहिलेल्या माणसांकडे पाहत राहते. त्याच्यातच समजते त्याले सगळं."

"हे लिहा ना मामा."

"आता कोण छापते?"

थंडी सरता सरता मामा झोपेतच गेले. त्यांच्या मैफलीच्या मंडळींनी एका संध्याकाळी हॉलमध्ये त्यांच्यासाठी गाणं ठेवलं. एका तरुण मुलीने गायलं. बोलणाऱ्यांनी मामांच्या दादेबद्दल, त्यांच्या तयार कानाबद्दल फार चांगलं सांगितलं. मी ऐकून घेतलं, दिलेला शब्द पाळला. गाणं सुरू व्हायच्या आधी मी पुढची खुर्ची सोडून भिंतीलगतच्या एका खुर्चीवर जाऊन बसले.

ती काय गायली हे तुम्ही विचाराल तर मला सांगता येणार नाही. तिसऱ्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या खांद्यावरची शाल हळूहळू घसरत जमिनीवर गेली आणि गाणं संपेपर्यंत त्यांना ते कळलंच नाही.