कडुबाची हळू डीव्हीडी

पडेगावात कुणी कडुबाच्या दुकानात लग्नाची डीव्हीडी करायला टाकली की लोक म्हणायचे, "आता नातवाच्या बारशालाच मिळंल!" चेष्टाच ती, पण अगदीच खोटी नव्हती. रस्त्यापलीकडच्या नव्या दुकानात दहा मिनिटांत डीव्हीडी राइट करून हातात द्यायचे. कडुबा मात्र सगळ्यात हळू वेग लावायचा. घाईनं राइट केलेली डीव्हीडी नव्या मशीनवर धावते आणि गावाकडच्या जुन्या प्लेअरवर ऐन हार घालताना अडकते, हे त्यानं पुष्कळदा पाहिलं होतं. म्हणून त्यानं मुद्दाम एक म्हातारा, खोडीचा प्लेअर दुकानात बाळगला होता. प्रत्येक डीव्हीडी तो त्यावर शेवटपर्यंत पाहायचा. परक्यांच्या पंगती आणि परक्यांच्या वराती पाहताना हा पठ्ठ्या हसायचा, पोरगी सासरी निघाली की डोळेही पुसायचा. याला येडा म्हणणारे कमी नव्हते. पण लेकीचं लग्न असलं की तेच याच्याकडं यायचे.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात गोजरबाई दुकानात आली. विहीर आटली तेव्हा ती नवऱ्यासोबत फर्दापूरकडचं गाव सोडून पडेगावात आली होती. इथं जिकडं तिकडं इमारती उठत होत्या आणि नवरा त्याच कामावर जायचा. लेकीचं लग्न लावून दिलं आणि थोड्याच दिवसांत ऊन लागून तो गेला. उद्या त्याचं पुण्यानुमोदन होतं, सगळे जमून त्याची आठवण काढणार होते. त्याचा फोटो होता तिच्याकडं, आवाज मात्र कडुबाकडं दिलेल्या लग्नाच्या शूटिंगमध्येच होता. तो उद्या सगळ्यांना ऐकवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

"लवकर दे रं बाबा, वस्तीवर टँकर यायचाय. समोरचा दहा मिन्टात देतो म्हणं."

"व्हय, तो देतो. माझ्याकडं टाइम लागतो, मावशी. बसा, पाणी घ्या."

ती चरफडत बसली. बऱ्याच वेळानं डीव्हीडी बाहेर आली, तर कडुबानं ती प्लेअरमध्ये घातली.

"आता हे अन् काय?"

"बघतो. मधीच अडकली तर उद्या चारचौघांत फजिती व्हायची."

पडद्यावर गोजरबाईचा नवरा आला. पाहुण्यांपुढं उभा राहून तो काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते आणि वर सिनेमाचं गाणं वाजत होतं. गोजरबाई उठून टीव्हीजवळ गेली.

"ह्यांचा आवाज कुठंय?"

कडुबानं प्लेअर थांबवला. लग्नाच्या फिल्मवर पहिल्यापासून गाणी चढवायची, ही मिक्सिंगवाल्यांची रीतच. मांडवातला गलका कुणाला ऐकायचा असतो? त्यानंही डोळे झाकून तेच केलं होतं. पण डीव्हीडी घरी नीट चालली असा निरोप येईपर्यंत मूळ शूटिंग पुसायचं नाही, हाही त्याचाच हट्ट. ते कॉम्प्युटरमध्ये जागेवर होतं.

"मावशी, चूक माझी हाय. गाणं काढतो. पण पुन्हा राइट करावं लागंल, पुन्हा बघावं लागंल. तुमचा टँकर..."

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. बाया हंडे घेऊन पळाल्या. गोजरबाईनं एकदा दाराकडं पाहिलं.

"जाऊ दे त्याला. तू कर. हळूच कर."

दुसरा कुणी असता तर निदान या वेळी तरी वेग वाढवला असता. कडुबानं वाढवला नाही. अपराध्यासारखा घाम पुसत तो बसून राहिला, पण हात आवरून. खरं धैर्य म्हणतात ते हेच असावं.

दुसऱ्यांदा डीव्हीडी लागली. गाणं गेलं होतं. भांड्यांच्या खणखणाटातून नवऱ्याचा घोगरा आवाज आला. त्यानं पाहुण्यांचे आभार मानले, हात जोडले आणि तो बाजूला झाला. मागं गोजरबाई पंगतीत वाढत होती. तिच्याजवळ जाऊन तो म्हणाला, "गोजर, तू जेवली का गं?"

पडद्यावरच्या गोजरबाईला गडबडीत ते ऐकूच आलं नाही. ती वाढत पुढं गेली.

दुकानातल्या गोजरबाईनं पदर सावरला. "नाय अजून," ती टीव्हीकडं बघत म्हणाली. "तुम्ही बसा आधी."